बेलिस-स्मिथमधले स्मिथ

गेल्या आठवड्यात तास संपल्यावर टी.वाय.ची एक मुलगी थांबली. "सर, बेलिस-स्मिथमधले स्मिथ अजून शिकवतात का?"

"नाही गं. ते केव्हाच कुलगुरू झाले. आता तर त्यातूनही मोकळे झाले."

"अरेरे," म्हणाली ती.

कुलगुरू झाल्याबद्दल अरेरे! हसू आलं, पण ते 'अरेरे' काही डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

राज्यशास्त्र ऑप्शनल घेऊन ज्यांनी यूपीएससीच्या वाऱ्या केल्यात त्यांना बेलिस-स्मिथ वेगळं सांगायला नको. जॉन बेलिस आणि स्टीव्ह स्मिथ यांनी संपादित केलेलं 'द ग्लोबलायझेशन ऑफ वर्ल्ड पॉलिटिक्स' हे आंतरराष्ट्रीय राजकारणावरचं ऑक्सफर्डचं जाडजूड पाठ्यपुस्तक. पहिली आवृत्ती १९९७ ची. पुढे पॅट्रिशिया ओवेन्सही संपादक म्हणून आल्या. पण पुस्तकाचं नाव कोण घेतं? "बेलिस-स्मिथ झालं का?" एवढंच. मला तर सुरुवातीला ते एकाच माणसाचं नाव वाटायचं.

माझी प्रत अप्पा बळवंत चौकाजवळची, स्पायरल बाइंडिंगवाली. चौघांत मिळून एक पुस्तक मिळवलं होतं आणि झेरॉक्सचे पैसे वाचवायला आमच्यातल्या हिशेबी मित्राने अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. वास्तववाद, घे. उदारमतवाद, घे. संयुक्त राष्ट्रं, घेच. पर्यायी दृष्टिकोनांवरचं एक प्रकरण होतं, त्यावर फुली. "यावर काही येत नाही रे." ते प्रकरण नेमकं स्मिथ यांनी (ओवेन्स यांच्यासोबत) लिहिलेलं होतं. म्हणजे बेलिस-स्मिथ पाठ, आणि त्यातले स्मिथच गायब! बऱ्याच वर्षांनी शिकवायला लागलो तेव्हा लायब्ररीतून काढून ते प्रकरण वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तर हे स्मिथ. जन्म १९५२ चा. पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सगळं शिक्षण साउदॅम्प्टन विद्यापीठात. पुढे ईस्ट अँग्लिया विद्यापीठात असताना मार्टिन हॉलिस या तत्त्वज्ञांबरोबर १९९० मध्ये एक पुस्तक लिहिलं. प्रश्न असा, की राष्ट्रांच्या वागण्याची कारणं बाहेरून शोधायची, पाऊस का पडला हे शोधावं तशी, की आत शिरून माणसांनी त्या वागण्याला काय अर्थ दिला ते समजून घ्यायचं? दोघा लेखकांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि त्यांनी तो मतभेद पुस्तकात तसाच ठेवला. मला हे फार आवडतं.

१९९२ मध्ये ते वेल्समधल्या ॲबरिस्टविथला गेले. समुद्रकाठचं छोटंसं गाव, पण आमच्या विषयाची ती आळंदीच. पहिल्या महायुद्धातला संहार पाहून, असं पुन्हा घडू नये म्हणून १९१९ साली डेव्हिड डेव्हिस या खासदाराच्या घराण्याच्या देणगीतून तिथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचा जगातला पहिला विभाग सुरू झाला. या विषयातलं मोठं नाव असलेले ई. एच. कार तिथलेच प्राध्यापक. त्या विभागाचं प्रमुखपद स्मिथ यांच्याकडे आलं. तिथे असतानाच बेलिस-स्मिथ निघालं.

आणि मग २००३ आणि २००४. स्मिथ यांच्याबद्दल माझं जे काही मत आहे ते या दोन वर्षांवर उभं आहे.

फेब्रुवारी २००३, अमेरिकेतलं पोर्टलंड. इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन ही या विषयातली सगळ्यात मोठी संघटना. कारभार मुख्यतः अमेरिकी. तिचे अध्यक्ष झालेल्या मोजक्या ब्रिटिशांपैकी स्मिथ एक. अध्यक्षीय भाषणाचा विषय ११ सप्टेंबर. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला दीड वर्ष होत आलेलं, इराक युद्ध तोंडावर. अशा वेळी स्मिथ यांनी आपल्याच बिरादरीला विचारलं, की जे घडलं त्यात आपल्या या विषयाचाही काही हात आहे का? शीर्षकाचा अर्थ साधारण 'आपलं जग गाऊन अस्तित्वात आणणं' असा. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कथा आठवतात, जिथे पूर्वजांनी गात गात डोंगर आणि पाणवठे निर्माण केले. स्मिथ यांचं म्हणणं, की आपण अभ्यासकही तेच करतो. 'हिंसा' म्हणजे काय, 'सुरक्षा' कुणाची, हे आपण ठरवतो. गोऱ्या, श्रीमंत जगाला ज्या हिंसेची भीती तीच अभ्यासक्रमात येते. बाकीच्या जगात माणसं ज्याने जास्त मरतात ते बाहेर राहतं. (वर्गात हे शिकवताना मी मेळघाटातल्या कुपोषणाचं उदाहरण देतो. तिथलं पोर दगावलं तर ते कुठल्या प्रकरणात बसतं? मुलं अनुक्रमणिका चाळतात.)

मूल्यनिरपेक्ष सामाजिक शास्त्र असं काही नसतंच, हा भाषणाचा गाभा. त्यासाठी त्यांनी जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची दोन प्रसिद्ध व्याख्यानं घेतली, एक अभ्यासकाच्या कामावरचं, दुसरं राजकारण्याच्या. पहिल्याचा आधार घेऊन आपण 'मी फक्त वस्तुस्थिती सांगतो' म्हणत हात झटकत आलो, असा त्यांचा आरोप. वेबरच्या दुसऱ्या व्याख्यानात परिणामांच्या जबाबदारीचं नीतिशास्त्र आहे. तू काय केलंस एवढंच नव्हे, त्यातून काय झालं याचाही जाब तुलाच द्यावा लागेल.

हे बोलणारा माणूस त्या वेळी नुसता प्राध्यापक नव्हता. २००२ पासून तो इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाचा कुलगुरू होता.

आणि पोर्टलंडनंतर पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, याच कुलगुरूंच्या एक्झेटरने जाहीर केलं की आम्ही रसायनशास्त्र विभाग बंद करतोय. संगीतही.

गदारोळ झाला. विद्यार्थी रस्त्यावर आले. फुलरीन रेणूच्या शोधासाठी १९९६ चं नोबेल मिळवणारे हॅरी क्रोटो यांनी एक्झेटरने दिलेली मानद पदवी परत करतो म्हणून सांगितलं. प्रकरण पार्लमेंटच्या विज्ञान समितीपर्यंत गेलं. विद्यापीठाचं उत्तर आकड्यांत होतं. २००१ च्या संशोधन मूल्यांकनानंतर सरकारने पैशाचा ओघ वरच्या श्रेणीच्या विभागांकडे वळवला होता. मधल्या श्रेणीचं अनुदान आटलं, आणि प्रयोगशाळा चालवायला खर्च अफाट. सगळीकडे थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा जिथे बळ आहे तिथे घाला.

आकडे खोटे नव्हते. पण आदल्याच वर्षी या माणसाने जगाला सांगितलं होतं, की आकड्यांच्या मागे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं काय मोजायचं ते. वरच्या श्रेणीला पैसा आणि मधल्याला धोंडा, हेही कुणाचं तरी गाणंच. ते गाणं म्हणणारं सरकार होतं, मान्य. पण साथ कुणी धरली?

२०१० मध्ये पुन्हा तेच, जरा मोठ्या रंगमंचावर. स्मिथ तेव्हा ब्रिटनमधल्या कुलगुरूंच्या संघटनेचे, युनिव्हर्सिटीज यूकेचे अध्यक्ष. सरकारने अध्यापनाच्या अनुदानाला कात्री लावली आणि फीची कमाल मर्यादा जवळजवळ तिप्पट, वर्षाला ९,००० पौंड, करायचा प्रस्ताव आणला. लंडनमध्ये विद्यार्थ्यांचे मोर्चे. ९ डिसेंबरला ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी प्रस्ताव मंजूर. स्मिथ प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. अनुदान जाणारच असेल तर फी हाच मार्ग उरतो, असा त्यांचा हिशेब. पुढच्या वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

इथे "बघा, बोलतात एक, करतात एक" म्हणून पोस्ट संपवणं सोपं आहे. माझं तसं मत नाही. १८ वर्षं, २०२० पर्यंत, ते त्या खुर्चीत होते. २००७ मध्ये एक्झेटर टाइम्स हायर एज्युकेशनचं 'वर्षातलं विद्यापीठ' ठरलं, २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या बड्या संशोधन विद्यापीठांच्या रसेल ग्रुपमध्ये गेलं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे कुलगुरूला पाच वर्षं मिळतात, तीही एकदाच. त्यातलं पहिलं वर्ष सत्कारात आणि शेवटचं पुढच्या नियुक्तीच्या धावपळीत जातं. १८ वर्षं एकाच जागी राहिलेल्या माणसाला स्वतःच्या निर्णयांची फळं डोळ्यांनी बघावी लागतात. वेबरला हेच हवं होतं ना?

माझी तक्रार फक्त 'पर्याय नव्हता' या सुराबद्दल आहे. इतर कुठल्या कुलगुरूने तो लावला असता तर मी मनावर घेतलं नसतं. पर्याय कसे नजरेआड केले जातात यावर ज्याने आयुष्य काढलं, त्याने तरी म्हणायला हवं होतं, की पर्याय होता, मी तो घेतला नाही, आणि कुणाचं नुकसान केलं ते मला माहीत आहे.

पण हे लिहिताना मला आमच्या कॉलेजातली एक खोली आठवते. दारावर अजून पाटी आहे, 'तत्त्वज्ञान विभाग'. सर निवृत्त झाले, जागा भरायला मंजुरी आली नाही. दोन वर्षं तासिका तत्त्वावर एक जण यायचा, एसटीने, दोन गाड्या बदलून. मानधन वर्ष उलटल्यावर मिळायचं. तो कंटाळून शाळेत लागला. मग मुलं कमी म्हणून विषय ऐच्छिक झाला, मग माहितीपत्रकातून नाव गेलं. खोलीत आता नॅकच्या फाइली आणि मोडकी बाकं. विभाग बंद झाला असं कुणीही, कधीही जाहीर केलं नाही. मोर्चा कशाविरुद्ध काढणार? मानद पदवी कुणाला परत करणार? स्टाफरूममध्ये मीही तेव्हा चहा पीत "वर्कलोडच नाही तर काय करणार" असंच म्हणालो होतो. हाही एक सूरच, आणि मी तो बेसूर न होता लावला.

एक्झेटरच्या रसायनशास्त्राला निदान मारेकरी होता आणि तो समोर उभा होता. नोबेलवाल्याला भांडायला तोंड मिळालं.

बाकी स्मिथ आता आपल्यापासून फार लांब नाहीत. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना आंतरराष्ट्रीय शिक्षणाचे दूत नेमलं. कामाचे अग्रक्रमाचे देश पाच, त्यात भारत. २०२२ मध्ये दोन्ही देशांत पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला, २०२५ मध्ये साउदॅम्प्टनचं कॅम्पस गुरुग्रामला सुरू झालं, स्मिथ जिथे शिकले तेच साउदॅम्प्टन. परदेशी विद्यापीठं नवी मुंबईतही यायच्या गोष्टी चालल्यात. तिथे कुठले विषय येतील आणि कुठले येणार नाहीत, याची यादी माझा तो पेन्सिलवाला मित्र आजही डोळे मिटून करून देईल. (तो बँकेत आहे. सुखी आहे.)

काल त्या मुलीला लायब्ररीत नेऊन ते प्रकरण काढून दिलं. तिने दोन पानं उलटली आणि मान वर करून विचारलं, "सर, यावर येतं का?"

"फारसं नाही."

"बरं," म्हणाली, आणि मोबाइल काढून एकेका पानाचा फोटो घेत बसली.