सबटायटल दिसत नाही, आणि का दिसत नाही तेही कोणी सांगत नाही

बाबांचे वय ७६ आहे. ते कानाला यंत्र लावतात, पण नागपुरात मे महिन्यात खिडकीतला कूलर पूर्ण वेगाने चालू असला की त्या यंत्रातून माणसांच्या बोलण्याआधी पंख्याची घरघरच कानात शिरते, आणि कूलर बंद करावा तर दिवसभर तापलेल्या भिंती घरात बसू देत नाहीत. म्हणून आमच्या घरी सिनेमा वाचूनच पाहावा लागतो. सबटायटल ही आमच्यासाठी चैन नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण ‘त्यात एवढे चिडण्यासारखे काय आहे’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

मागच्या रविवारी रीतसर पैसे भरून डाउनलोड केलेला एक बंगाली सिनेमा लावला. मराठी सबटायटलची एसआरटी फाइल, म्हणजे संवाद आणि ते उमटण्याच्या वेळा लिहिलेली साधी फाइल, त्याच फोल्डरमध्ये होती. चित्र आले, आवाज आला, अक्षरे मात्र आली नाहीत. बाबा म्हणाले, ‘‘अरे, अक्षरं दिसून नाही राहिली.’’ मेनू उघडला, तर सबटायटलची ओळच पुसट, तिच्यावर क्लिक होईना. व्हिडिओच्या आणि सबटायटलच्या फाइलचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे, हे मला ठाऊक होते आणि नावे जुळतही होती. पण संगणक फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतो, त्यामुळे नोटपॅड या मजकूर लिहिण्याच्या साध्या प्रोग्रामने एसआरटीच्या पुढे गुपचूप टीएक्सटी जोडले आहे, हे कळायला वीस मिनिटे गेली. जो भाग पाहून प्लेयर फाइल ओळखतो, नेमका तोच वापरणाऱ्यापासून का लपवायचा?

नाव सुधारल्यावर अक्षरे आली, पण ती मराठी नव्हती. पडद्याच्या तळाशी परक्या चिन्हांची रांग होती, आणि प्रत्येक अक्षरामागे तीच ती दोन चिन्हे पुन्हा पुन्हा येत होती. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवले जाते. प्लेयरने जुनी युरोपीय पद्धत गृहीत धरली की त्याच तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे होतात. जगभरातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे. इतक्या वर्षांनंतरही मराठी वाचणाऱ्या माणसाने सेटिंगच्या चौथ्या पानावर जाऊन, शंभर नावांच्या यादीतून आपली लिपी शोधून काढायची, याचा मला मनापासून संताप येतो. त्यातच घाईने ती फाइल नोटपॅडमध्ये जुन्या पद्धतीने सेव्ह झाली असती, तर सगळ्या संवादांची प्रश्नचिन्हे झाली असती आणि त्यांतून मूळ मजकूर परत मिळाला नसता.

एवढे झाल्यावर बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सुरुवातीला संवाद जरासे आधी उमटत होते, ते चालण्यासारखे होते. पण तासाभराने एखादे पात्र दारात येऊन उभे राहण्याआधीच त्याचे बोलणे वाचून संपलेले असायचे. सबटायटल सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या), म्हणजे जरा वेगाने धावणाऱ्या प्रतीवरून तयार केलेले आणि आमचा व्हिडिओ २३.९७६ फ्रेमचा, म्हणजे तासाला सुमारे अडीच मिनिटांची तफावत. कळ दाबून वेळ पुढेमागे करता येते, पण त्याने फक्त तेवढ्यापुरते जुळते. तफावत वाढतच जाते. मी दर पाच मिनिटांनी कळ दाबत होतो आणि बाबा पडद्याऐवजी माझ्याकडे पाहत होते. ‘‘राहू दे, तू सांग काय बोलून राहिले ते,’’ असे ते म्हणाले, तेव्हा मला अतिशय वाईट वाटले. कारण आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागू नये, यासाठीच तर ते वाचत होते.

माझी मागणी मोठी नाही. फाइल सापडली नाही तर तसे लिहा, लिपी ओळखता आली नाही तर विचारा, वेळा जुळत नसतील तर वेग बदलण्याची सोय पहिल्याच मेनूत ठेवा. मुकाट्याने कोरा पडदा दाखवणे बंद करा.

सोमवारी रात्री मी सबटायटल सुधारण्याच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा बदलून नवी फाइल तयार केली आणि बाबांना मोठी अक्षरे दिसावीत म्हणून पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. संवाद अगदी वेळेवर आले. मात्र टीव्हीत देवनागरीचा फॉन्टच नसल्यामुळे प्रत्येक संवादाच्या जागी नुसते पांढरे चौकोन उमटत होते.