तीस फुटांत झाड नको? कुऱ्हाड उचलण्याआधी जरा थांबा

"घराच्या ३० फुटांत एकही झाड ठेवू नका. मुळं पाया फोडतात. झाड असेल तर आजच तोडा, घर वाचवा." हा मेसेज सध्या सोलापुरात ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तो वाचून दोन कडुनिंब पाडायची बोलणी सुरू झाली, म्हणून लिहितोय.

आधी ३० फुटांचं. आपल्याकडे कितीतरी जणांचा प्लॉटच ३० बाय ५०. घर बांधून झाल्यावर ३० फूट मोकळे उरतात कुठे? मग वसाहतीत कढीपत्तासुद्धा राहायचा नाही. अंतर ठरतं ते झाड केवढं वाढणार, पाणी किती ओढणार आणि खाली माती कसली, यावर. कढीपत्ता, डाळिंब, जास्वंद पाच-सहा फुटांवर खुशाल लावा.

"मुळं पाया फोडतात." धडधाकट काँक्रीटला मूळ भोक पाडत नाही. ते ओलीच्या मागे जातं. आधीच भेग असेल, पाइप गळत असेल, तर तिथे शिरतं आणि जाड होत भेग रुंदावतं. आमच्या बाथरूमच्या भिंतीला तडा गेला तेव्हा गवंड्यानं लगेच कडुनिंबाकडे बोट दाखवलं. उकरलं तर ड्रेनेजचा सांधा गळत होता, मातीचा चिखल झाला होता आणि मुळं तिथे पाण्याला गोळा झाली होती. सांधा बदलला, तडा बुजवला. झाड उभं आहे.

खरं कारण बहुतेकदा आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. पाया मुरमापर्यंत न नेता काळीतच टेकवला, तर झाड नसलं तरी जोतं हलतं. मोठं झाड जवळ असेल तर ते पाणी ओढून हे आकसणं वाढवतं, एवढं खरं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, रुंदी मोजा, तारीख लिहा. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर माती हलतेय.

म्हणूनच "तोडलं की मिटलं" हे सगळ्यात घातक. जुनं झाड वर्षानुवर्षं ज्या मातीतलं पाणी ओढत होतं, ती ते गेल्यावर ओल धरून फुगते आणि फरशी, जोतं वर उचलू शकते. हे पुढे कित्येक पावसाळे चालू राहू शकतं. शिवाय १९७५ च्या राज्याच्या कायद्यानं शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

मेसेजमधलं मानायचं तेही मानतो. वड, पिंपळ, उंबर भिंतीला खेटून नकोतच. पक्ष्यांच्या विष्ठेतलं बी गच्चीच्या कठड्यात रुजतं. रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा, नुसतं खुडलं तर पुन्हा फुटतं. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर नाहीतर तारांवर पडतात. तोही लांबच बरा.

आमचा कडुनिंब पश्चिमेला, १५ फुटांवर. पारा ४३ वर जातो तेव्हा दुपारी तीननंतर त्याची सावली आईच्या खोलीच्या भिंतीवर असते. गल्लीतल्या त्या दोन्ही घरी जाऊन मी एवढंच सांगितलंय: आधी भिंतीलगत उकरून ड्रेनेजची लाइन बघू. उकरायला मी येतो.