घाम नाही आला म्हणजे खेळ नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका, (नातवंडांचा उल्लेख तुम्हीच केलाय म्हणून काका म्हणतोय, राग नसावा)

तुमची प्रतिक्रिया एवढी मोठी आणि एवढी मनापासून चिडलेली आहे की खाली दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधे मी म्हटलं होतं की पूल, स्नूकर, बिलियर्ड्स हे टेबलवर लांब काठीने (तिला क्यू म्हणतात) बॉल मारायचे प्रकार कबड्डी-क्रिकेटइतकेच खेळ आहेत. काका स्वतः जुने कबड्डीपटू. त्यांचं म्हणणं असं, की ज्यात घाम येत नाही आणि एका हातात बिअर धरून जे खेळता येतं तो टाइमपास, त्याला खेळ म्हणायचं तर मग तीन पत्ती आणि ल्युडोला पण अर्जुन पुरस्कार द्या, खेळ असता तर ऑलिम्पिकला नसता का, आणि शेवटी, आमच्याकडे पूल पार्लर उघडलं आणि पोरं बिघडली.

आधी ऑलिम्पिकचं उरकून टाकू. काका, ऑलिम्पिकमधे कबड्डी तरी कुठेय हो? १९३६ ला बर्लिनमधे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी प्रात्यक्षिक दाखवलं होतं, पण पदकाचा खेळ म्हणून अजून तिथे आपला नंबर लागलेला नाही. एशियन गेम्सला कबड्डी १९९० ला बीजिंगमधे आली, बिलियर्ड्स-स्नूकर १९९८ ला बँकॉकमधे आले आणि त्या पहिल्याच वर्षी अशोक शांडिल्य आणि गीत सेठीने आपल्याला सोनं आणून दिलं. २०१० नंतर क्यूचे खेळ तिथून काढले हे खरंय, पण म्हणून २०१० पर्यंत तो खेळ होता आणि २०१४ ला नव्हता असं थोडंच होतं! कुठल्या कमिटीने काय ठेवलं नी काय काढलं यावर ठरवायला बसलो तर तुमच्या कबड्डीचीच पंचाईत होईल, सोडा ते.

आता घाम. २०२४ ला पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमधे ब्राँझ घेतलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने पेढे वाटले, तुम्ही पण स्टेटस ठेवलं असणार. तो काय धावला होता? जाड जॅकेट घालून तो जितका कमी हलेल तितका भारी. तिथे सगळी ताकद, सगळी मेहनत शरीर स्थिर ठेवण्यात जाते आणि हे आपल्याला पटकन मान्य होतं कारण हातात बंदूक आहे. तीच स्थिरता हातात क्यू घेऊन दाखवली की टाइमपास?

माझी स्वतःची कसोटी एकदम साधी आहे, मी तिला फोनची कसोटी म्हणतो. तुम्ही घरी बसून फोनवर सांगताय आणि दुसरा कोणीतरी तुमच्या वतीने खेळतोय, तर निकाल तोच लागेल का? तीन पत्तीत लागेल. ल्युडोत तर फासा कोणी टाकला यानेही काही फरक पडत नाही. पण कबड्डीत मी तुम्हाला फोनवरून चढाई सांगितली तर तुम्ही ती करून येणार, पण तीच चढाई मी सांगून पाठवलेला दुसरा कोणी गडी मधल्या रेषेपर्यंतही परत येणार नाही. पूलचंही तेच. जगातला सगळ्यात हुशार माणूस तुमच्या कानात सांगू दे की तिसऱ्या बॉलला डावीकडून पातळ मार आणि पांढरा खाली आण, हात तुमचाच चालणार आणि बॉल तुमच्याच हाताचं ऐकणार. जिथे डोक्यातलं शरीराकडून करून घ्यावं लागतं, नियम ठरलेले आहेत आणि समोर कोणीतरी हरवायला बसलंय, तो खेळ. बुद्धिबळ ह्यात बसत नाही हे मला माहितीय, आणि हो, बुद्धिबळवाले आता मला सोडणार नाहीत, पण सरकार त्याला खेळ मानतं तर मानू दे, माझं काही जात नाही. कॅरम मात्र आरामात बसतो. तुमच्या प्रतिक्रियेत "उद्या कॅरमला पण खेळ म्हणाल" असं धमकीसारखं लिहिलंय, तर काका, म्हणतोच मी, आजपासून. मारिया इरुदयमला कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार कधीच मिळून गेलाय.

आता तुम्ही म्हणाल हात तर हात, त्यात काय एवढं. तर थोडं गणित बघा, मला ह्यात फार मजा येते म्हणून सांगतो, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. पूल टेबलवर पांढऱ्यापासून (क्यूने थेट मारतात तो बॉल) ज्याला मारायचाय तो बॉल तीन फुटांवर आणि तिथून पॉकेट, म्हणजे बॉल पाडायचं भोक, आणखी तीन फूट, म्हणजे अगदी रोजचा शॉट. तुमच्या क्यूची दिशा एका अंशाच्या दहाव्या भागाने चुकली. डोळ्याला दिसणारच नाही इतकी. पांढरा तिथपर्यंत पोचेपर्यंत फक्त दीडेक मिलिमीटर बाजूला सरकतो. पण दोन्ही गोल आहेत ना, त्यामुळे टक्कर दीड मिलिमीटर इकडची तिकडे झाली की पुढचा बॉल जवळजवळ दीड अंशाने वळून निघतो आणि पॉकेटपाशी पोचेपर्यंत अडीच सेंटीमीटर लांब गेलेला असतो. स्पर्धेच्या टेबलचं पॉकेट साधारण साडेअकरा सेंटीमीटर, बॉल ५.७ चा, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटीमीटर सूट. एक दशांश अंश चुकलात तर कसाबसा पडेल, दोन दशांश चुकलात तर पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर. आणि हे सरळ शॉटचं. कट असेल, म्हणजे बॉल तिरका मारायचा असेल, तर अजून वाईट, साइड लावली असेल, म्हणजे पांढऱ्याला मधोमध न मारता बाजूला मारलं असेल, तर पांढरा निघतानाच किंचित बाजूला ढकलला जातो, तो हिशोब वेगळा. स्नूकरचं टेबल तर बारा फुटी, बॉल लहान आणि पॉकेटांची तोंडं आत वळलेली, तिथे काय होत असेल विचार करा.

हे सगळं कशावर उभं असतं, तर पायांवर. नवीन पोरगा पार्लरला आला की सगळं लक्ष हाताकडे, आणि चुकतं कुठे, तर उभं राहण्यात. कंबरेतून वाकून हनुवटी क्यूला टेकेपर्यंत खाली यायचं, पुढचा हात टेबलवर घट्ट रोवून त्याचा ब्रिज करायचा, मागचा कोपर तिथल्या तिथे ठेवून खालचा हात तेवढा लंबकासारखा हलवायचा, आणि शॉट मारून झाल्यावरही डोकं उचलायचं नाही. डोकं उचललं की खांदा उचलतो, खांदा उचलला की क्यू फिरली. मार्कर लोकांना (टेबलं सांभाळणारे, स्कोअर ठेवणारे) कोण शिकलेला आहे आणि कोण नुसता मारतोय हे पांढरा हलायच्या आधीच कळतं. असं वाकून तासन् तास, फ्रेममागून फ्रेम, पाठ काय म्हणते ते खेळणाऱ्यालाच विचारा. मायकल फरेरांनी १९७८ ला बिलियर्ड्सच्या नॅशनलमधे ११४९ चा ब्रेक केला होता, म्हणजे सलग तेवढे गुण, एका दमात, मधे एकदाही न चुकता. गीत सेठीचा १९९२ चा ब्रेक १२७६ चा. तुमच्याकडे एक चढाई एका दमात असते, तसं हे, फक्त दम जरा जास्त लांब.

बिअरचं मला मुद्दाम शेवटी घ्यायचं होतं कारण ह्यात तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने येतो. बिल वर्बेनुक नावाचा एक कॅनेडियन स्नूकरपटू होता, अगडबंब माणूस, ऐंशीच्या दशकात जगातल्या पहिल्या आठात होता. मॅचच्या आधी पाइंटवर पाइंट, मॅच चालू असताना अजून पाइंट. आता हा शौक नव्हता, त्याचा हात जन्मजात थरथरायचा आणि दारूने तो थांबायचा. पुढे तो प्रोप्रॅनोलॉल घ्यायला लागला, हृदयासाठी देतात ते बीटा ब्लॉकर, ज्याने ठोके मंदावतात आणि हात शांत राहतो. ते औषध खेळात बंद झालं आणि त्याची कारकीर्दही तिथेच संपली. आजही जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या यादीत बीटा ब्लॉकरवर स्पर्धेत बंदी असलेले खेळ बघा, तिरंदाजी, नेमबाजी, गोल्फ, डार्ट्स आणि त्यांच्याच शेजारी बिलियर्ड्स. उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची २००८ ची नेमबाजीतली दोन ऑलिम्पिक पदकं ह्याच औषधापायी काढून घेतली. टाइमपास करणाऱ्याची कोणी लघवी तपासत नाही हो काका.

आणि बिअर पीत खेळता येतं म्हणून खेळ नाही, तर आपल्याकडे रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट बघा, लाँग ऑनला उभा असलेला माणूस काय काय करत असतो ते. त्यावरून वानखेडेवरच्या क्रिकेटला कोणी नावं ठेवत नाही.

खरं सांगू का, तुम्ही एक आक्षेप घ्यायला हवा होता तो घेतलाच नाहीत. कबड्डीत चढाई करणाऱ्यासमोर सात जण उभे असतात, त्याला धरायला. स्नूकरमधे समोरचा खेळत असतो तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास बघत असता, त्याने सलग शंभर केले तरी तुम्ही काही म्हणजे काही करू शकत नाही. हा काय सामना झाला? हा प्रश्न मला खरंच कधीकधी सतावतो. भालाफेकीत पण दुसऱ्याचा भाला कोणी अडवत नाही हे झालंच, पण इथे थोडं वेगळं आहे, कारण त्याला टेबल मिळालं ते तुमच्या शेवटच्या शॉटमुळे. चांगला खेळाडू पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमधे जाईल असा शॉट, दिसत नसेल तर मारतच नाही, पांढरा नेऊन दुसऱ्या बॉलच्या मागे लपवतो आणि खुर्चीत जाऊन बसतो, आता तू बघ. कधी कधी वीस-वीस मिनिटं दोघं एकमेकांना असंच कोंडत राहतात आणि टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललं नाहीये. मला सगळ्यात जास्त तेच आवडतं. नाइन बॉल पूलमधे मात्र फ्लूकने पडलेला बॉल पण चालतो, ते मला आजही पटत नाही, तिथे तुम्ही मला धरू शकता.

आता पोरं बिघडण्याचं. इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. बंद काचा, सिगरेटचा धूर, हरेल तो टेबलचे पैसे भरेल असं म्हणून सुरू होतं आणि मग त्यावर पैज लागते, कॉलेजच्या वेळात भरलेली टेबलं, हे सगळं मी पण बघितलंय. फक्त त्यात दोष टेबलचा नाही, जागा चालवणाऱ्याचा आहे. आपल्याकडे हा खेळ एकतर जिमखान्यात, म्हणजे मेंबरशिपवाल्यांच्या पोरांना, नाहीतर असल्या पार्लरमधे, मधलं काहीच नाही. तालमीसारखी, शाळेच्या मैदानासारखी जागा ह्या खेळाला मिळालीच नाही. तरीसुद्धा स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला पहिला जगज्जेता कोण, तर विल्सन जोन्स, १९५८, कलकत्ता, बिलियर्ड्स. जन्म पुण्याचा. पुण्यात किती जणांना माहितीये विचारून बघा. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, वाढला बंगलोरला, त्याला खेलरत्न मिळालंय आणि ओएनजीसीत नोकरी आहे. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ ला वर्ल्ड गेम्समधे स्नूकरचं सुवर्ण आणलं, त्याची बातमी मी शोधून वाचली होती.

तुम्ही लिहिलंय की तुमचा नातू पण जातो आणि तुम्ही त्याला बंद करणार आहात. करू नका, एकदा त्याच्याबरोबर जा. सकाळी जा, तेव्हा गर्दी नसते. स्नूकरचं टेबल असेल तर ब्राउनच्या स्पॉटवर (तो बॉल ठेवायची खूण) पांढरा ठेवा, बाकी एकही बॉल नको, आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ वरच्या कुशनला (टेबलच्या रबरी कडेला) मारा. तो त्याच रेषेत परत येऊन तुमच्या क्यूच्या टिपला लागला पाहिजे, तुम्ही क्यू हलवायची नाही. दहादा मारा, मग नातवाला मारू द्या, आणि दोघांचा स्कोअर इथे खाली कमेंटमधे टाका.