बर्फ नाही ना, मग स्पाइक्स काहून?

दिवाळीचा फराळ संपत नाही तोच आमच्या नागपूरच्या ट्रेकिंग ग्रुपवर सुरू होतं: "यंदा चंद्रशिला करू बाप्पा!" उत्तराखंडातलं हिमालयाचं शिखर ते. करा ना, कोण नाही म्हणतं? पण मायक्रोस्पाइक्सचं, म्हणजे बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्यांचं, नाव काढलं की झालं. "काहून? बर्फ तर पडलाच नाही अजून."

अरे, तिथंच तर घोळ आहे! ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो तरी. नोव्हेंबरअखेर त्या फरसबंद वाटेवर दुपारी पाणी पसरतं, रात्री गोठतं आणि दगडावर पारदर्शक पापुद्रा बसतो. दिसायला नुसता ओला दगड. वाटेतलं तुंगनाथ मंदिरच ३,६८० मीटरवर, चंद्रशिला त्याच्याही वर. आणि यांना सूर्योदय पाहायचा असतो, म्हणजे निघणार अंधारात, नेमकं सगळं कडक गोठलेलं असताना.

तयारी काय, तर अंबाझरी तलावाला दोन चकरा आणि मग तर्री पोहे. बूट जिमचे, तळवे झिजलेले. वर "आपल्याला थंडीचं काही वाटत नाही". इथं पारा १० च्या खाली गेला की हेच लोक कानटोपी घालून शेकोटीपासून हलत नाहीत!

चढताना निभतं हो. उतरताना टाच टेकली की गेलाच. मग माझ्या स्पाइक्सला हसलेले सगळे माझ्याच खांद्याला लटकतात. यंदा म्हटलं, निदान भाड्यानं तरी घ्या. उत्तर आलं, "तुझ्याकडे जोडी आहे ना? एक मले दे."