माणूस गेल्यावरची घाई: कशाची करावी, कशाची करू नये

आपल्या सांगली-सातारा भागात घरातले माणूस गेले की पुढची व्यवस्था गाव न सांगता अंगावर घेते. सरण रचणारे, पाहुण्यांना निरोप धाडणारे, घरी चूल पेटत नाही म्हणून भाकरी-आमटी घेऊन येणारे, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नदीवर किंवा हल्ली स्वतःच्या शेताच्या बांधावर उभे राहणारे, हे सगळे आपोआप जमतात. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आपले वागणे मला उफराटे वाटते. ज्या कामांना कायद्याने किंवा योजनेने मुदत घातलेली आहे, ती “दिवस होऊ द्या, मग बघू” म्हणून मागे पडतात. आणि ज्या कामाला कसलीही मुदत नाही, म्हणजे बहिणींची जमिनीच्या हक्कसोडपत्रावरची सही, त्याची बोलणी दहाव्याच्या मांडवातच सुरू होतात.

सर्वांत पहिला आणि सर्वांत अवघड निर्णय अपघाती मृत्यूच्या वेळी घ्यावा लागतो. उसात पाणी पाजताना साप चावला, विहिरीत पाय घसरला, मोटारीचा शॉक बसला किंवा अंगावर वीज पडली, की घरातली वडीलधारी मंडळी “आता चिरफाड नको” म्हणतात आणि मयत थेट स्मशानात नेले जाते. त्या बोलण्यामागची माया कोणालाही समजेल. परंतु गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 10 ते 75 वयाच्या शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना 2 लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल हाच मुख्य पुरावा असतो. एकदा अग्नी दिल्यावर तो पुरावा पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून अशा वेळी पोलीस पाटलाला आणि पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवावे, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव 30 दिवसांच्या आत द्यावा. तेरावा होईपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे दिवस संपलेले असतात.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, हे बहुतेकांना माहीत असते. ती मृत्यू जिथे झाला तिथे करायची असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. जत, तासगाव किंवा कवठेमहांकाळचा रुग्ण मिरजेच्या दवाखान्यात दगावला, तर त्याची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होणार नाही, ती सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेकडे होईल. मृत्यू घरी झाला असेल, तरच ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, किंवा आपल्या नगरपालिकेकडे जावे. उशीर 30 दिवसांच्या पुढे गेला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाते.

दवाखान्यात माहितीचा अर्ज भरताना नाव आधार कार्डाप्रमाणे आणि शक्य तर सातबाऱ्याशी पडताळून लिहावे. सातबाऱ्यावर ‘पांडू’, आधारवर ‘पांडुरंग’, पासबुकावर आणखी तिसरेच, हा आपल्याकडचा घरोघरीचा प्रकार आहे. बायकांच्या बाबतीत त्यात माहेरच्या नावाची भर पडते. त्या गोंधळाच्या वेळी हा अर्ज कोणीतरी लांबचा पाहुणा भरतो आणि त्याला आजोबांचे कागदावरचे नाव माहीत असेलच असे नाही. नंतर ही एक चूक निस्तरताना प्रतिज्ञापत्रे करून घरचे लोक टेकीला येतात. म्हणून हे काम घरातल्या शिकलेल्या सुनेकडे किंवा नातीकडे द्यावे, ती त्या वेळी रडत असली तरी.

गेलेल्या माणसाचे मोबाइलचे सिमकार्ड निदान वर्षभर चालू ठेवावे. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांचे संदेश त्याच क्रमांकावर येत असतात. पासबुक भरून घेऊन मे महिन्याच्या आसपास 436 रुपये किंवा 20 रुपये कापल्याची नोंद आहे का, ते पाहावे. पहिली कपात प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते आणि दुसरी सुरक्षा विम्याची. पहिल्यात कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला, तर दुसऱ्यात अपघाती मृत्यूला 2 लाख रुपयांचे संरक्षण आहे. खाते उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते आणि घरात त्याचा कोणाला पत्ताही नसतो.

“बँकेला कळायच्या आत एटीएममधून पैसे काढून घ्या” हा सल्ला देणारा एक शहाणा प्रत्येक भावकीत असतो, त्याचे ऐकू नये. मृत्यूनंतर ते पैसे सगळ्या वारसांचे होतात आणि पुढे भावाभावांत वाद झाला, तर नेमकी तीच नोंद बाहेर निघते. नॉमिनी असेल तर बँकेतली ठेव मिळायला सहसा फार अडचण येत नाही. फक्त नॉमिनी हा त्या पैशांचा मालक नव्हे, वारसांच्या वतीने ती रक्कम स्वीकारणारा आहे, हे त्यालाही आणि इतरांनाही समजलेले असावे. सोसायटीच्या पीककर्जाची आणि साखर कारखान्याच्या शेअरची, ऊसनोंदीची चौकशी महिनाभरात करावी. कर्ज फेडण्याची वारसांची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतून त्यांना जे मिळेल तेवढ्यापुरतीच असते. वारस स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असेल, तर गोष्ट वेगळी.

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे वारसांनी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते, आणि हा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो. ही मुदत वर्षानुवर्षे पाळली गेली असती, तर मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी शासनाला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली नसती. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावे यावी लागतात, त्यात मुलीही आल्या आणि पत्नीही आली. तरुण मुलगा गेला असेल तर त्याच्या पत्नी-मुलांइतकाच त्याच्या आईचाही वाटा असतो, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते.

आणि इथेच ती सही येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच आहे, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 ची दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले आहे. तरीही बाप जाऊन आठ दिवस झालेले असताना, डोळे सुजलेल्या लेकीपुढे मामा किंवा चुलता विषय काढतो, “तुला काय कमी आहे, भावाचं माहेर तुटायला नको.” बहिणीला जमीन सोडायचीच असेल, तर तो तिचा अधिकार आहे आणि कित्येक बहिणी तो मोठ्या मनाने वापरतातही. पण हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि ते कार्यालय पुढच्या वर्षीही उघडेच असते. तोपर्यंत तिचे नाव सातबाऱ्यावर राहिले म्हणून भावाचा ऊस कारखान्याला जायचा थांबत नाही. तिला घरी जाऊ द्यावे, नवऱ्याशी आणि मुलांशी बोलू द्यावे, हवे तर वकिलाला विचारू द्यावे, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर तिने स्वतःहून विषय काढला तरच पुढचे बोलावे.