प्रत्येक बटणाला आरिया-लेबल लावण्याचा सल्ला पाळू नका

'पाच मिनिटांत संकेतस्थळ अंधांसाठी सुलभ करा' असा एक संदेश वेब विकसकांच्या गटांमधून फिरतो आहे. प्रत्येक लिंकला आणि बटणाला आरिया-लेबल (कोडमध्ये लिहिलेले, पडद्यावर न दिसणारे नाव) लावा, त्यात 'बटण' किंवा 'लिंक' हा शब्द घाला, वर्णन जितके लांब तितके चांगले, आणि लिंकवरचे 'अधिक वाचा' हे शब्द बदलू नका, कारण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) पान वरपासून खालपर्यंत वाचतोच, असे त्यात ठासून सांगितले आहे. माझ्या भाच्याने नोकरीतल्या पहिल्याच प्रकल्पात हे सगळे ब्रह्मवाक्य मानून अमलात आणले, म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. आरिया-लेबल दिसणाऱ्या मजकुराला पूरक ठरत नाही, ते त्या मजकुराची जागाच घेते. बटणावर 'अर्ज पाठवा' आणि लेबलात 'भरलेली माहिती सादर करण्यासाठी येथे दाबा' असे असेल, तर स्क्रीन रीडर दुसरेच वाक्य वाचतो. हातांनी माउस वा कळफलक वापरता येत नसल्यामुळे आवाजी आज्ञांनी संगणक चालवणारी व्यक्ती पडद्यावर दिसते तेच उच्चारते, आणि 'अर्ज पाठवा' या नावाचे बटण प्रणालीला सापडेलच याची खात्री राहत नाही. यासाठीच डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, २०१८ मधील २.१ आवृत्तीत २.५.३ हा निकष आला: दिसणारा मजकूर बटणाच्या नावात असलाच पाहिजे. तो ए पातळीचा, म्हणजे किमान अटींपैकी आहे. भाच्याच्या कोडमध्ये तर एका बटणावरचा मजकूर 'मसुदा जतन करा' ऐवजी 'मसुदा काढून टाका' असा झाला आणि लेबल मात्र जुनेच राहिले. डोळ्यांनी तपासणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात येणे शक्य नव्हते. ऐकणाऱ्याने जतन करण्याच्या भरवशावर स्वतःचे लिखाण पुसले असते. भिंग किंवा फुली असे नुसते चिन्ह असेल, तेथे 'शोधा' किंवा 'बंद करा' असे लेबल जरूर द्यावे. बटणात शब्द आहेत, तेथे त्याचे काय काम?

'बटण' हा शब्द घालण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. स्क्रीन रीडर घटकाचा प्रकार स्वतःच सांगतो, त्यामुळे 'पाठवा बटण, बटण' असे ऐकू येते. लांबीचेही तेच. सराईत श्रोता पहिले एकदोन शब्द ऐकून पुढे जातो, आणि प्रत्येक लेबल 'याबद्दल सविस्तर माहिती मिळवण्यासाठी' असे सुरू झाले, तर वेगळेपण सांगणारा शब्द त्याच्या कानावरच पडत नाही.

'अधिक वाचा' बाबत मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. डब्ल्यूसीएजीच्याच निकष २.४.४ नुसार लिंकचा हेतू त्याच वाक्यावरून वा परिच्छेदावरून कळत असेल, तर ती नापास ठरत नाही. पण लोक पान क्रमानेच ऐकतात, ही निव्वळ कल्पना आहे. एनव्हीडीए या विंडोजवरच्या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबले की पानावरील लिंकची यादी उघडते, ॲपलच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्ये रोटर नावाची सोय तेच करते, आणि त्या यादीत एकाखाली एक 'अधिक वाचा' एवढेच उरते. तेथे 'परीक्षेचे वेळापत्रक पाहा' असे दिसणाऱ्या मजकुरातच लिहावे. रचनेत जागाच नसेल, तर 'अधिक वाचा: परीक्षेचे वेळापत्रक' असे, दिसणाऱ्या शब्दांनीच सुरू होणारे लेबल द्यावे.