पडदे लावले की कॅराव्हॅन होते का हो?

जुनी कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, विकायची परत तीच जाहिरात! ‘एमएच-१५, फॅमिली कॅराव्हॅन, फक्त चावी फिरवा आणि निघा.’ आरसी बघायला मागा, तर बॉडी टाइपपुढे साधी मिनीबस. बदल आरटीओकडे नोंदवलाय का, विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अहो, कोण अडवतंय!’ अडवत कोणी नसेलही, पण मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे ना. आणि अपघात झाला की विमा कंपनी आधी आरसीच उघडते.

बरं, गाडी दाखवणार एप्रिलच्या कडक उन्हात. छतावरच्या व्हेंटचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, तडकलंय हे तेव्हा कळणार कसं? इगतपुरीचा पाऊस लागला की तिथूनच पाणी झिरपतं आणि प्लाय फुगतो. कोपऱ्यातला सनमायका अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला तर आतलं लाकूड सडलंय. पाइपने दहा मिनिटं छतावर पाणी मारू म्हटलं, की मालकाचं तोंड वाकडं!

‘एसी रात्रभर चालतो’ म्हणे. बॅटरी एकच, लेड-अ‍ॅसिड, १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास). म्हणजे १,८०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे. हजार वॉटचा एसी तासभरही टिकणार नाही. चौथीचं गणित आहे!

टायरची नक्षी शाबूत, पण टायरवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे आकडे ‘१८१७’, म्हणजे २०१७ चा अठरावा आठवडा. उभ्या गाडीचं रबर झिजत नाही, कडक होऊन चिरतं. त्यात १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो वाढले. असल्या टायरांवर कसारा घाट उतरायचा, मागे पोरंबाळं घेऊन. आणि किंमत? ‘फायनल आहे, साहेब.’